चार बोटं बाहेर

दुपारी जेवण झाल्यावर डोळा लागला, की मला अजून बॉलचा आवाज येतो. टप्. मग थोडी शांतता. मग पलीकडून पुन्हा टप्. सिमेंटच्या कोर्टावर बॉल पडला की कोरडा, ठणठणीत आवाज येतो. हा तसला नाही. हा सारवलेल्या जमिनीवरचा, जरा ओलसर, जरा खोल. तो ऐकला की झोपेतच मला कळतं, आपण पांढुर्ण्याला कॉलेजच्या मागे उभ्या आहोत, सकाळ आहे, नथ्थूकाकांनी पाणी मारून ठेवलंय आणि पोरी आत्ता येतील. तेवढ्यात गल्लीत भाजीवाला ओरडतो आणि मी सौंसरच्या घरी, पलंगावर, निवृत्त होऊन पडलेली असते.

तीस वर्षं मी कॉलेजच्या मुलींना टेनिस शिकवलं. हे सांगितलं की समोरचा माणूस ठरलेले तीन प्रश्न विचारतो. टेनिस? पांढुर्ण्यात? मुलींना? तिन्ही प्रश्न रास्त आहेत, कारण रुजू झाले त्या दिवशी मीही प्राचार्यांना तेच विचारले होते. मी स्वतः खो-खोची आणि आठशे मीटर धावणारी. टेनिस पाहिलं होतं ते टीव्हीवर. पण प्राचार्य शिकत असताना सागर शहरात टेनिस खेळलेले, आणि ते वेड त्यांच्या डोक्यातून गेलं नव्हतं. त्यांनी कपाटातून चार रॅकेट काढून माझ्या हातात ठेवल्या आणि म्हणाले, "कबड्डी सगळीच कॉलेजं खेळतात. आपण हे करू." मग मी एक पुस्तक आणलं आणि पोरींच्या एक धडा पुढे राहून तीस वर्षं काढली. हे मी नोकरीत असताना कुणाला सांगितलं नाही, आता सांगायला हरकत नाही.

पहिली अडचण जमिनीची होती. कॉलेजच्या मागची माती काळीभोर, कपाशीची. पावसाळ्यात ती चप्पल ओढून घेते आणि उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडतात की बॉल आत गेला तर हात घालून काढावा लागतो. नथ्थूकाका कॉलेजचे चपराशी, पण मूळचे शेतकरी. त्यांनी माझ्या पुस्तकातलं कोर्टाचं चित्र उलटंसुलटं करून पाहिलं आणि मला धीर दिला.

"मॅडम, हे तं खळंच होय. मले येते. फक्त मेढ कुठी गाडाची तेवढं सांगा."

मेढ म्हणजे खळ्याच्या मधोमध रोवलेला खांब, ज्याभोवती मळणीचे बैल फिरतात. मी म्हटलं, काका, इथे मेढ नाही, मधे जाळी असते.

"मंग बैल कोन्याभोवती फिरतीन?"

"बैल नाहीत काका, पोरी आहेत."

"हाव, तेई खरं," म्हणून ते कामाला लागले. काळी माती उकरून काढली, मुरूम भरला, वर पिवळी माती, पाणी, रोलर, पुन्हा पाणी. शेवटी शेणाचा काला करून सगळं सारवलं. सारवायला पोरीच बसल्या, ओढणी कमरेला खोचून, एका ओळीत, मागे मागे सरकत. त्यांना ते शिकवावं लागलं नाही. उलट माझाच हात चुकतो म्हणून त्या हसत होत्या. सारवण वाळलं की नथ्थूकाका चाळणीनं विटकरीचा बारीक भुगा वर पसरायचे, दोरी धरून चुन्याच्या रेघा मारायचे. दर पंधरवड्याला हे सगळं पहिल्यापासून. बाहेरच्या कॉलेजचे लोक आले की नाक धरायचे. मला तो वास आजही अंगणात शोधावासा वाटतो.

त्या भुग्याची एक गंमत होती. बॉल जिथे पडेल तिथे त्याचं निशाण उमटायचं. बोराएवढं, लांबट, कडेला जरा भुगा उडालेला. दिवसभराचा खेळ संपल्यावर पोरी घरी गेल्या, की मी सौंसरच्या बसला वेळ असेपर्यंत कोर्टावर एकटी फिरायची. उन्हं तिरपी झालेली असायची, जाम नदीकडून वारा यायचा, आणि माझ्या पायाशी सगळा दिवस लिहून ठेवलेला असायचा. कुणाचा बॉल आज सारखा जाळीजवळ पडला, कुणी कोपरा गाठायचा प्रयत्न केला आणि दरवेळी थोडक्यात चुकली, कुणाचं आज लक्षच नव्हतं, हे सगळं वाचता यायचं. मला वाटायचं, मला आपल्या पोरी पूर्ण कळतात. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात सुखाचा अर्धा तास होता. मग नथ्थूकाका झाडू घेऊन यायचे आणि सगळं पुसून टाकायचे.

या निशाणांवरूनच मी आमच्या कोर्टाचा नियम केला. टेनिसमध्ये छोट्या सामन्यांना पंच नसतो. आपल्या बाजूला पडलेला बॉल आत की बाहेर, हे आपणच सांगायचं. पोरी सुरुवातीला त्यावरून कचाकचा भांडायच्या. तेव्हा मी ठणकावून सांगितलं, निशाण दिसल्याशिवाय आउट म्हणायचं नाही. आधी जायचं, वाकायचं, बघायचं, मग तोंड उघडायचं. निशाण नाही सापडलं तर बॉल आत. पुस्तकातही तेच होतं, शंका असेल तर गुण समोरच्याला. पोरींना ते पटलं आणि भांडणं थांबली. माझी मात्र एक खोड होती. पोरगी निशाणापाशी पोचायच्या आधीच माझी मान आपोआप डावीकडे हलायची. बॉल बाहेर असला तरच. पोरींनी ते कधीच हेरलं होतं. "मॅडमची मान हलली का समजाचं, गेला बॉल," असं म्हणायच्या. तरी जाऊन निशाण बघायच्याच.

आमच्याकडे तऱ्हेतऱ्हेची माणसं टेनिस बघायला यायची. संत्र्याचे बगीचे ठेक्यानं घेणारे एक भाऊ रोज सकाळी कुंपणाला टेकून उभे असायचे. खेळ त्यांना कळत नव्हता, गुण मोजायची पद्धत मात्र खटकायची.

"मॅडम, पंधरा झाले, तीस झाले. मंग चाळीस काऊन? पंचेचाळीस पायजे न! पाच कुठी गेले?"

"इंग्रज जाताना घेऊन गेले, भाऊ."

त्यांनी ते खरं मानलं आणि बाजारात चार लोकांना सांगितलंही. पण त्यांनीच आमची एक मोठी सोय केली. सर्व्हिस करताना बॉल डाव्या हातानं सरळ वर उडवावा लागतो, आणि तो सरळ वर जाणं हीच अर्धी सर्व्हिस असते. सरावाला इतके बॉल आणायचे कुठून? भाऊंनी झाडाखाली गळून पडलेली हिरवी संत्री पोतंभर आणून टाकली. पोरी वर्गातून येता-जाता, नदीच्या पुलावरून चालताना संत्री उडवत असायच्या. आमच्या पोरींचा बॉल कायम सरळ वर जायचा तो त्या गळीच्या संत्र्यांमुळे.

आता मंगलाकडे येते. इतका वेळ तिच्याकडेच यायचं टाळत होते.

मंगला नदीपलीकडची, सावरगावच्याही पुढे त्यांचं शेत होतं. कॉलेजात आली तेव्हा अंगानं बारीक, बोलणं कमी, आणि उजवा हात असा की मी बघत राहिले. जिथे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीला नदीच्या दोन्ही काठांवरून माणसं एकमेकांवर गोटे फेकतात, तिथे कुणाला फेकायला शिकवावं लागू नये. पण तो मान पोरांचा. पोरींचे हात मला पहिल्यापासून सुटे करावे लागायचे. मंगलाचा हात मुळातच सुटा होता. तिनं लहानपणापासून ज्वारीच्या शेतात माळ्यावर उभं राहून गोफणीनं पाखरं हाकलली होती. मी सर्व्हिस करून दाखवली, तिनं दोनदा पाहिली आणि म्हणाली,

"मॅडम, हे तं गोफणच हाय. फक्त गोटा सोडाचा नाई."

एका महिन्यात तिची सर्व्हिस माझ्यापेक्षा चांगली झाली, सहा महिन्यांत ती सर्व्हिस परतवणारी दुसरी कुणी कॉलेजात उरली नाही. माझ्या तीस वर्षांत तसा हात पुन्हा आला नाही.

तिच्या आधीची एक गोष्ट सांगायला हवी. आमचा संघ पहिल्यांदा छिंदवाड्याला खेळायला गेला तेव्हा कोर्ट सिमेंटचं निघालं. सिमेंटवर निशाण उमटत नाही. तिथे डोळ्यानं बघून त्या क्षणी सांगावं लागतं, आणि तो डोळा सरावानं तयार करावा लागतो. आमच्या पोरी बॉल पडला की जाऊन वाकायच्या, करड्या सिमेंटकडे बघायच्या, काही सापडायचं नाही, मग सरळ उभ्या राहून समोरच्या मुलीला म्हणायच्या, आत. वीतभर बाहेर पडलेले बॉलसुद्धा आत. आम्ही दणकून हरलो. समोरच्या संघाचे कोच हसून म्हणाले, "मैडम, आपकी लड़कियाँ तो आउट बोलती ही नहीं. पुण्य कमाने आई हैं क्या?"

शहाण्या कोचनं परत येऊन पहिलं काम काय केलं असतं? कॉलेजच्या सिमेंटच्या अंगणात रेघा मारून पोरींचा डोळा तयार केला असता. मी ते केलं नाही. मला त्या टोमण्याचाच अभिमान वाटू लागला. आमच्या पोरी आउट म्हणत नाहीत, हे मी चारचौघांत मिरवायला लागले. चूक माझी होती, आणि तिला मी शील म्हणून खपवत होते.

मंगला शेवटच्या वर्षाला होती. तिला शाळेत खेळाची शिक्षिका व्हायचं होतं. दुसरं काही नाही. "मले पी.टी.चा कोर्स कराचा हाय मॅडम," एवढंच ती तीन वर्षं म्हणत आली. त्या अभ्यासक्रमाला जागा थोड्या, आणि विद्यापीठाच्या संघातून खेळलेल्या मुलीचा नंबर आधी लागायचा. तिच्या बाबांनी सांगितलं होतं, संघात नाव आलं तर पुढे पाठवतो, नाही आलं तर बीए झालं की घरी. निवड चाचणी जबलपूरला होती. निघताना तिचे बाबा बसस्टँडवर आले, टोपी काढून हातात धरली आणि मला म्हणाले,

"मॅडम, पोरगी तुमच्या भरोशावर पाठवून राहिलो. मले खेळातलं काई समजत नाई."

मी म्हटलं, काळजी करू नका.

जबलपूरला चार मुली घ्यायच्या होत्या. तिघी ठरल्या. चौथ्या जागेसाठी मंगला आणि तिथलीच एक मुलगी, एका सेटचा सामना. ती मुलगीही चांगली होती, नीट वागणारी. तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

त्या दिवशी सकाळच्या सामन्यांत काही कोच आपापल्या मुलींसाठी बाहेरून ओरडत होते, आउट, आउट म्हणून. नंतर चहा पिताना मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं होतं, "हमारी लड़कियाँ निशान देखे बिना आउट नहीं बोलतीं. और मैं तो बीच में बोलती ही नहीं." दोन-तीन जणांनी कौतुकानं माना डोलावल्या. निवड समितीचे एक वयस्कर सर होते, पांढऱ्या टोपीतले, त्यांनी तर "वाह मैडम" म्हटलं. लहान गावातून आलेल्या बाईला मोठ्या शहरात असं काही ऐकायला मिळालं की ते दिवसभर कानात राहतं.

सामना अटीतटीचा झाला. पाच-सहा, तीस-चाळीस. म्हणजे आणखी एक गुण गेला की मंगला हरणार. ऊन चढलेलं, कोर्टाच्या कडेला कडुलिंब, त्याची सावली जेमतेम माझ्या खुर्चीपर्यंत. माझी खुर्ची मंगलाच्या बाजूला, मागच्या रेघेच्या अगदी सरळ रेषेत होती. समोरच्या मुलीनं लांब बॉल मारला. तो मला आजही इतका सावकाश येताना दिसतो की वाटतं, हात पुढे करून धरता येईल. तो रेघेच्या पलीकडे पडला. पांढरी रेघ, मग करडं सिमेंट, मग बॉल. मधे चार बोटं जागा होती. माझी मान डावीकडे हलली.

मंगला मागे वळली, वाकली आणि निशाण शोधायला लागली.

तिथे निशाण असणार नव्हतं, हे तिलाही ठाऊक होतं. पण तीन वर्षांची सवय. पांढऱ्या टोपीतले सर जाळीपाशी उभे होते. त्यांनी विचारलं, "बेटा, अंदर या बाहर?"

"निशान नहीं है, सर."

मग ते माझ्याकडे वळले. "मैडम, आप तो बिलकुल सीध में बैठी हैं. आपने देखा?"

सगळे माझ्याकडे बघत होते. सकाळच्या चहाच्या वेळचे ते कोचही. मी बाहेर म्हटलं असतं तर काय झालं असतं? हीच का ती, बीच में न बोलनेवाली, असं एखादा हसला असता. एवढंच. तेवढंही मला नको होतं. मला सरळ बाई म्हणून दिसायचं होतं.

"नहीं सर," मी म्हटलं. "मेरा ध्यान नहीं था."

सर पुन्हा मंगलाला म्हणाले, "बोलो बेटा, कहना तुम्हीं को है." मंगलानं सिमेंटकडे पाहिलं नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ. मग म्हणाली, "अंदर था, सर." आणि जाळीपाशी जाऊन समोरच्या मुलीशी हात मिळवला. सरांनी टोपी काढून तिची पाठ थोपटली. माझीही स्तुती केली.

परतीला रात्रीची बस होती. सकाळी बस जामसांवलीच्या फाट्याजवळ आली तेव्हा ती म्हणाली, "मॅडम, उतरून जाऊ का? दर्शन घेऊ अन् मागच्या गाडीनं जाऊ." आम्ही उतरलो. धुकं होतं, बगिच्यांतून ओल्या पानांचा वास येत होता, आणि देवळात गर्दी अजून सुरू झाली नव्हती. तिथला मारुती आडवा पहुडलेला आहे. ती त्याच्यासमोर बराच वेळ उभी राहिली. मी मागे खांबाशी. तिथे सांगून टाकायचं मी ठरवलं होतं. शब्दही जुळवले होते.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "काय मागितलंस?"

"काई नाई. झोपून राहिला तो. कायले उठवाचं?"

असं म्हणून ती हसली आणि माझ्या तोंडातले शब्द तिथेच राहिले. मागची गाडी आली, आम्ही चढलो.

मंगला बीए झाली. तिचे बाबा मला भेटायला आले नाहीत, मीही गेले नाही. पुढच्या वर्षी बोरगावच्या बाजूला कुठेतरी तिचं लग्न झाल्याचं कळलं. मी आहेराची साडी पाठवली, गेले नाही. कारण काय तर सामने होते.

आणि यापुढचं लिहिताना मला खरंच लाज वाटते. मी ती गोष्ट सांगायला लागले. दरवर्षी नव्या पोरी आल्या की पहिल्या दिवशी कोर्टावर बसवून सांगायची. आपल्या कॉलेजची एक मुलगी होती, विद्यापीठाच्या संघातली जागा सोडली, पण निशाण दिसलं नाही म्हणून आउट म्हणाली नाही. पोरींचे डोळे मोठे व्हायचे. स्नेहसंमेलनात सांगितली तेव्हा पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मी कुठे बसले होते आणि मला काय दिसलं होतं, तेवढा भाग गोष्टीत नसायचा. सांगून सांगून मलाच ती खरी वाटायला लागली होती. फक्त दुपारच्या झोपेत कधी कधी तो बॉल सावकाश यायचा आणि माझी मान उशीवर हलायची. मग जाग यायची.

वर्षं अशीच गेली. नथ्थूकाका वारले. त्यांच्यानंतर सारवण कुणाला जमेना, पंधरवड्याचं महिन्यावर गेलं, मग थांबलं. माझ्या निवृत्तीच्या आधी दोन वर्षं त्या जागी नवं कोर्ट झालं, निळं-हिरवं, गुळगुळीत. चांगलं आहे. त्यावर निशाण उमटत नाही. शेवटची दोन वर्षं मी पोरींचा डोळा तयार केला, जे काम मी पंचवीस वर्षं आधी करायला हवं होतं. आता त्या बॉल पडल्याबरोबर "आउट!" म्हणून हात वर करतात, आणि बहुतेक वेळा बरोबर असतात. मी संध्याकाळी कोर्टावर फिरून पाहिलं, पण वाचण्यासारखं काही नव्हतं.

गेल्या माघात मंगलाचा फोन आला. नंबर कुठून मिळवला कोण जाणे. "मॅडम, सौंसरलेच हायत न तुमी? मी बोरगावच्या पुढं राहातो. येऊन जा एक डाव. खळ्यावर टेनिस खेळून राहिल्या पोरी."

मी दुसऱ्याच दिवशी गेले. संत्र्याला बहार आलेला होता. त्या वासात माणसाला जरा गुंगीच येते, बसमधून उतरून मी वाट चालत होते की आठवणीतून, मला कळत नव्हतं. बगिच्याच्या कडेला त्यांचं जुनं खळं. आता मळणी थ्रेशरवर होते, खळ्याला काम नाही. ते लांबट करून, सारवून, वर विटकरीचा भुगा टाकून, मधे बगिच्याची हिरवी जाळी बांधली होती. दोन पोरी खेळत होत्या. कडेला बाजेवरून मंगला उठली. अंगानं भरलेली, केस कानाशी पिकलेले. ती अंगणवाडीत काम करते, दुपारनंतर गावातल्या पोरींना शिकवते. कुणी सांगितलेलं नाही, कुठे नाव नाही.

पोरी मधेच थांबून वाकत होत्या, निशाण बघत होत्या.

चहा झाला. मी कप खाली ठेवला आणि जे वीस वर्षं जुळवून ठेवलं होतं ते सगळं विसरून नुसतं म्हटलं, "मंगला, जबलपूरचा तो बॉल बाहेर होता. मला दिसला होता."

ती पोरींकडे बघत होती. "हाव मॅडम. मले माहीत हाय."

"कसं?"

"तुमची मान हलली होती न. मान हलली, तोंड नाई हललं."

मी विचारलं, "मग तू का नाही म्हणालीस बाहेर? सरांनी तुलाच विचारलं होतं."

"तुमी पयलेच म्हनल्या का ध्यान नोतं. मंग मी बाहेर म्हनली असती, अन् कोनी म्हनलं असतं, मॅडम तं सीधमधी बसल्या होत्या, त्यायले कसा नाई दिसला? तुमी खोट्या पडल्या असत्या मॅडम. सगळ्याइच्या समोर." तिनं पदरानं बाजेवरचं पान झटकलं. "तवा वाटलं होतं मले वाईट. लय दिवस वाटलं. आता नाई."

मी वीस वर्षं टाळ्या घेतल्या त्या गोष्टीचा अर्थ हा होता. निशाणाचा नियम तिनं पाळला नव्हता, तिनं मला सांभाळलं होतं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. मंगला आत गेली, एक जुनी रॅकेट घेऊन आली आणि एका पोरीला बाजूला करून स्वतः खेळायला उभी राहिली. मला वाटतं, मला डोळे पुसायला वेळ मिळावा म्हणून.

तिची सर्व्हिस अजून तशीच आहे. साडीचा काष्टा मारून ती खेळत होती, उन्हं तिरपी झाली होती, बहाराचा वास सुटला होता, आणि तो आवाज येत होता, जरा ओलसर, जरा खोल. टप्. पलीकडून टप्. माझी बाज तिच्या मागच्या रेघेच्या सरळ रेषेत होती. मुद्दाम ठेवली असेल असं नाही. समोरच्या पोरीनं लांब बॉल मारला. तो मंगलाच्या मागे पडला.

"आउट!" मी म्हटलं. इतक्या मोठ्यानं, की झाडावरची साळुंकी उडाली.

समोरची पोरगी चिडली. "निशाण तं पाहा न, बाई!"

मंगला निशाणाकडे वळायला निघाली होती, ती थांबली. माझ्याकडे पाहिलं, जबलपूरला पाहिलं होतं तितकाच वेळ.

"मॅडम म्हनून राहिल्या न, मंग आउटच," ती पोरीला म्हणाली, आणि निशाण न बघता पुढची सर्व्हिस करायला रेघेवर जाऊन उभी राहिली.

मी मात्र बाजेवरून उठले, गुडघ्याला हात देत वाकले आणि पाहिलं. चार बोटं बाहेर होता.